घराला न कळणारं वाक्य

"सर, आपने तो हमको इफ सिखाया," शमशाद सिस्टर म्हणाली आणि तिनं दोन पानांचा कागद अप्पारावांच्या हातात ठेवला. "मॅडमला तुम्हीच समजवा. घरी न्या, आरामसे वाचा. उद्या सकाळी आठला ॲडमिशन आहे ना, तेव्हा सही करून आणा." एवढं बोलून ती पुढच्या पेशंटकडे वळलीसुद्धा. करमाडच्या शाळेत मुलींच्या दुसऱ्या बाकावर बसणारी ही शमशाद. 'इफ'च्या प्रत्येक वाक्यापुढे ती इन्शाअल्लाह लिहायची, आणि अप्पाराव लाल शाईनं ते खोडून समासात 'अनावश्यक' असं लिहायचे. आता तिच्या खिशाला दोन पेनं होती आणि चालण्यात घाई होती, आणि अप्पाराव मात्र भर दुपारी जालना रोडवरच्या त्या हॉस्पिटलात, दुसऱ्या मजल्याच्या जिन्यापाशी, हातात कागद घेऊन तोंडी परीक्षेला आलेल्या पोरासारखे उभे होते.

कागद इंग्रजीत होता आणि त्यांनी तो उभ्याउभ्याच वाचला. पहिल्या परिच्छेदात भुलीबद्दल, दुसऱ्यात रक्ताबद्दल. तिसरा 'इफ'नं सुरू होत होता. एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या माणसाची खोड अशी, की डोळे आधी व्याकरण तपासतात आणि अर्थ मागून येतो. इफ, त्यापुढे साधा वर्तमानकाळ, मग स्वल्पविराम, मग विल. पहिला प्रकार, बिनचूक, दहापैकी दहा. आणि हे गुण देऊन झाल्यावर मग अर्थ आला. बायकोचं पोट उघडल्यावर आतली ती गाठ जर आतड्यात गुंतलेली सापडली, तर डॉक्टर आतड्याचा तेवढा भाग काढतील आणि पोटाला बाहेरून पिशवी लावतील. अप्पारावांनी वाक्य पुन्हा वाचलं, मग पुन्हा. वर्गात पोरांना ते 'अजून एकदा' म्हणायचे. इतक्यांदा म्हणायचे, की पोरांनी त्यांचं नावच 'अजून एकदा सर' ठेवलं होतं. ते वाक्य कितीदाही वाचलं तरी तेच राहिलं.

आठ पावलांवर, खुर्चीत, पर्स मांडीवर घट्ट धरून भामाबाई बसल्या होत्या. "काय लिव्हलंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. नेहमीचंच असतं. सगळ्यांकडूनच घेतात."

"मंग करू का सही?"

"घरी करू," अप्पाराव म्हणाले, आणि कागदाची घडी करून वरच्या खिशात ठेवली. खोटं इतकं सहज निघालं, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

रिक्षात त्यांना कळलं की आपण नुसतं खोटं बोललो नाही, तर आता खरं बोलायला जागाच उरलेली नाही. कारण ते घर. सिडकोतल्या त्या घरात 'जर' हा शब्द चालत नाही. म्हणजे भाजी संपली तर, पाहुणे आले तर, असले किरकोळ जर चालतात. पण वाईटाचा जर नाही. वास्तू ऐकत असते, माणूस बोलायचा अवकाश की ती तथास्तु म्हणते, हे भामाबाईंच्या हाडीमाशी खिळलेलं. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत अप्पाराव सहज म्हणाले होते, "आज करमाडच्या वळणावर ब्रेक लागला नसता तर मी काही—" पुढचं तोंडात राहिलं, कारण तोंडावर बायकोचा पीठ लागलेला हात आला होता. कोवळ्या वयाची, चार महिन्यांची ओळख असलेली बायको, आणि तिच्या डोळ्यांत खरीखुरी भीती. तेव्हा त्यांना हसू आलं होतं. मग हळूहळू सवय झाली. चौतीस वर्षांत मुलाला, ऋतुराजला, डेंग्यू झाला, पुण्यात त्याची नोकरी गेली आणि परत लागली, अप्पारावांच्याच छातीत एकदा दुखलं, आणि प्रत्येक वेळी ते दोघं त्या न बोललेल्या जरला वळसा घालून, खोलीच्या मधोमध ठेवलेल्या ट्रंकेला घालावा तसा, इकडून तिकडे जात राहिले. चटका बसला तो ह्या गोष्टीचा, की त्याच घराच्या पुढच्या खोलीत, काळ्या फळ्यापुढे, ह्याच माणसानं शिकवणीच्या शेकडो पोरांना 'इफ' शिकवला होता. मध्ये एक भिंत. भिंतीच्या अलीकडे इफचे तीन प्रकार आणि पलीकडे स्वयंपाकघर, जिथं एकही नाही.

ते प्रकार शिकवायची त्यांची स्वतःची रीत होती. पहिला जर, ते सांगायचे, उंबऱ्यावर उभा असतो. दार उघडं असलं की आत येतो. दुसरा गल्लीत असतो. दिसतो, हात हलवतो, पण येईल असं काही वाटत नाही. तिसरा वळण ओलांडून गेलेला. त्याला कितीही हाका मारा, मान वळवत नाही. तिसऱ्यासाठी त्यांचं ठरलेलं उदाहरण म्हणजे डॉक्टर वेळेवर आले असते तर रोगी वाचला असता. पोरांच्या किती पिढ्यांनी ते घोकलं, त्या रोग्याला वर्षानुवर्षं मारलं, आणि कुणाच्याही मनात आलं नाही की त्या रोग्याला विचारावं, बाबा रे, तुला तरी कुणी सांगितलं होतं का? रिक्षा मुकुंदवाडीच्या सिग्नलला थांबली. भामाबाईंनी पदर सावरला, पोटावरून, जरा जपून. अप्पारावांना खिशातला कागद छातीला लागत होता. हा पहिला प्रकार आहे, ते मनात म्हणाले. हा उंबऱ्यावरचा आहे.

"हर्सूलला जाऊ या का? तलावावर," ते एकदम म्हणाले.

"आत्ता?"

"मग काय. उद्यापासून आहेच हॉस्पिटल."

भामाबाईंनी नवऱ्याकडे नीट बघितलं. ह्या माणसानं आपण होऊन फिरायला नेल्याला किती वर्षं झाली, ते त्या बहुधा मोजत असाव्यात. "चला," त्या म्हणाल्या.

अप्पारावांचा हिशेब सरळ होता. घर ऐकतं ना, मग घराबाहेर सांगू. तलावाला काय, त्यानं कुणाला तथास्तु म्हटल्याचं ऐकिवात नाही. पण तिथं पोचल्यावर, कठड्याशी बसल्यावर, जीभ काही उचलेना. पाणी भरपूर होतं, पलीकडच्या काठाला दोन बगळे होते, एक तरुण जोडपं उगाच हसत होतं. तीनदा त्यांनी सुरुवात केली. "हे बघ, उद्या डॉक्टर काय करणार आहेत—" आणि तीनदा तिथंच थांबले. भामाबाईंनी एकदाही "काय करणार आहेत?" असं विचारलं नाही. त्या पाण्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बापू आसता तर त्याला आवडलं आसतं हितं. पाणी बघितलं की लई खूश व्हायचा." आणि अप्पारावांनी चमकून तिच्याकडे बघितलं, कारण बापूंचं नाव त्या फारशा काढत नसत.

फकिरा बापू म्हणजे भामाबाईंचे वडील, वेरूळकडचे. आठ वर्षांपूर्वी त्यांना अन्न गिळता येईना झालं. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं ते बाहेर, व्हरांड्यात, आणि घरच्यांनी तिथंच उभ्यानं ठरवलं की म्हाताऱ्याला सांगायचं नाही. अल्सर आहे, हे वाक्य अप्पारावांनीच तयार करून दिलं होतं. मास्तर माणूस, सोपं आणि लक्षात राहील असं. रोज सकाळी भामाबाई बापाच्या खाटेशी बसून ते म्हणायच्या. सुरुवातीला बापू विचारायचा, "मंग म्या बरा कवा व्हणार गं?" त्या सांगायच्या, दिवाळीला. मग तो म्हणायचा, बरं. पुढे पुढे त्यानं विचारायचं सोडलं. कुणी आत आलं की हसून "जेवलात का" एवढंच विचारायचा, आणि माणूस गेलं की भिंतीकडे तोंड करायचा. तेराव्याला सगळे पांगल्यावर भामाबाई परसात चुलीपाशी बसल्या होत्या, आणि कुणी विचारलं नसताना बोलल्या, "बापूला ठावं होतं. ठावं आसून त्यो आपल्यालाच सांभाळत होता." आणि थोड्या वेळानं, "एवढी मान्सं भवती आसून येकटाच गेला." अप्पाराव तेव्हा जवळच उभे होते. ते वाक्य त्यांना लागलं होतं, पण घरात आजारी कुणी नव्हतं, म्हणून दोन दिवसांनी विसरलंही होतं.

आता कठड्यावर बसून त्यांना ते जसंच्या तसं आठवलं, आणि त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. मी हिच्यासाठीही अल्सर तयार केलाय, त्यांच्या मनात आलं. 'नेहमीचंच असतं.' सोपं आणि लक्षात राहील असं. ऑपरेशननंतर ही शुद्धीवर येईल, पोटाला हात लावेल, आणि तिथं पिशवी असेल. ही बाई, जी देवघरात जाण्याआधी तीनदा हात धुते, जिला बसमध्ये शेजारचा शिंकला तरी घरी येऊन अंघोळ लागते. ती माझ्याकडे बघेल. आणि मग तीही जेवलात का म्हणून विचारायला लागली, हसून, तर? हा जर कुठल्या प्रकारात बसतो, ते त्यांना ठरवता येईना. त्यांनी बायकोचा हात धरला. चारचौघांत असला प्रकार त्यांनी कधी केला नव्हता. भामाबाईंनी हात सोडवून घेतला नाही, फक्त म्हणाल्या, "लोकं बघायलीत," आणि तसाच राहू दिला.

परतताना रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या मांडल्या होत्या. भामाबाई उतरल्या. सीताफळं घ्यावीत ती त्यांनीच; कच्ची, डोळे नुकते उघडलेली, टणक अशी निवडून आणायच्या, तांदळाच्या डब्यात घालायच्या, आणि तीन दिवसांनी एकेक काढून द्यायच्या. पिकलेलं विकत घेणं म्हणजे त्यांच्या लेखी आळशाचं काम. आज त्यांनी दोनच घेतली, आणि दोन्ही पिकलेली, हात लावला की फुटतील अशी.

"ही तर आजच खावी लागतील," अप्पाराव म्हणाले.

"आजच खाऊ."

त्या एवढंच बोलल्या आणि रिक्षात बसल्या. घर येईपर्यंत अप्पाराव त्या दोन फळांकडे बघत होते. हिला ठाऊक आहे, ते स्वतःशी म्हणाले. सगळं नसेल, पण काहीतरी आहे हे ठाऊक आहे. आणि ही मला सांभाळतेय.

घरी पोचले तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. म्हणजे वास्तूचे कान सगळ्यात तीक्ष्ण असायची वेळ. भामाबाईंनी हातपाय धुतले, दिवा लावला, हात जोडून नेहमीपेक्षा जरा जास्त उभ्या राहिल्या. अप्पाराव पुढच्या खोलीत आपल्या खुर्चीवर बसून होते, दिवा न लावता. आता सकाळी सांगू, गाडीत सांगू, शमशादलाच सांगायला लावू, असं मनातल्या मनात चाललं होतं. एकेक पळवाट शोधायची आणि बुजवायची. भामाबाई आल्या, त्यांनी बटण दाबलं, आणि फळ्यासमोर पोरांसाठी ठेवलेल्या बाकावर येऊन बसल्या. त्या बाकावर त्या चौतीस वर्षांत कधी बसल्या नव्हत्या.

"कागद काढा."

"सही सकाळी—"

"सही नाय म्हणत मी. काय लिव्हलंय ते सांगा."

अप्पारावांनी कागद काढला. घडी उलगडली. बोलायला तोंड उघडलं, तर भामाबाईंनी हात वर केला.

"मराठीत नको. दिवेलागण झाली. घरात तसलं नको. इंग्लिशमधी वाचा. वास्तूला कुठं इंग्लिश येतंय."

अप्पारावांना हसू आलं, अगदी नको त्या वेळी. पण भामाबाई हसल्या नाहीत. त्यांनी ते गमतीनं म्हटलंच नव्हतं; भर दुपारी रिक्षात बसल्यापासून, का त्याही आधीपासून, त्यांनी ते जुळवून ठेवलेलं होतं.

"अगं, तुला तरी कुठं येतं?"

"मंग भिंतीपल्याड येवढी वर्सं काय नुसत्या भाकरी थापत होते व्हय? इफ आलं की कॉमा येतोय. कॉमाच्या फुडं विल येतंय. पोट्ट्यांना येत नव्हतं तवा मला येत होतं." त्या थांबल्या. "विल येतंय ते म्हाईत हाय. काय व्हतंय ते वाचा."

अप्पाराव उठले. त्यांनी खडू घेतला. हात फळ्यावर टेकला तसं अक्षर आपोआप सरळ आलं, एवढ्या वर्षांच्या सवयीनं. पूर्ण वाक्य लिहून झाल्यावर त्यांनी ते वाचलं, प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून, वर्गात वाचायचे तसं. इफ द ग्रोथ इज फाउंड टू इन्व्हॉल्व्ह द बॉवेल, द सर्जन विल रिमूव्ह दॅट पार्ट अँड मेक अ स्टोमा. आवाज नीट निघाला. स्वल्पविरामाशी ते थांबले, आणि भामाबाईंची मान त्या जागी किंचित हलली.

"ग्रोथ?" भामाबाईंनी विचारलं.

"गाठ."

"फाउंड?"

"सापडली."

"इन्हॉल?"

"गुंतलेली."

"बावेल?"

"आतडं."

एकेक शब्द सुटा. भामाबाई एकही शब्द दुसऱ्याला जोडत नव्हत्या, निदान मोठ्यानं नाही. घरानं ऐकलं तरी काय ऐकणार: गाठ, सापडली, गुंतलेली, आतडं. ह्यात तथास्तु म्हणण्यासारखं काही नव्हतं. पण अप्पारावांना दिसत होतं की त्यांचे ओठ हलताहेत, आणि आत, जिथं कुणाचे कान पोचत नाहीत तिथं, त्या ते सगळं एका ओळीत लावताहेत.

"रिमूव्ह म्हंजे काढणं, हे म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "ते शेवटचं?"

स्टोमाला त्यांच्याकडे मराठी शब्द नव्हता. त्यांनी खडूनं एक पोट काढलं, अगदी पोरकट, गोल, आणि त्याच्या डाव्या अंगाला एक छोटी पिशवी. "पिशवी," ते म्हणाले. "बाहेरून."

"त्यात काय?"

अप्पारावांनी फळ्याकडे तोंड केलं. "परसाकडचं," ते हळूच म्हणाले.

 बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. तो आवाज येत राहिला. भामाबाईंचा हात पोटावर गेला, पदराच्या आतून, आणि तिथंच डाव्या अंगाला थांबला. त्यांच्या चेहऱ्यावर किळस आली, मग भीती आली, आणि अप्पारावांना वाटलं आता रडू येईल. रडू आलं नाही. ते काही बोलायला गेले. कदाचित तसं होणारही नाही, बहुतेक वेळा होत नाही, काही महिन्यांनी काढताही येते, शमशादला सगळं नीट विचारू, असं कितीतरी त्यांच्याकडे होतं. पण समोरचं माणूस वाक्य जुळवतंय, हे मास्तराला कळतं, आणि अशा वेळी मध्ये बोलायचं नसतं, हेही. ते खडू धरून उभे राहिले.

"इफ," भामाबाई म्हणाल्या. आवाज बारीक, पण स्पष्ट. "इफ बॅग कम..." त्या थांबल्या. कॉमाची जागा त्यांनी नीट सोडली. मग नवऱ्याच्या डोळ्यांत बघून त्यांनी पुढचं विचारलं. "यू विल क्लीन?"

चौतीस वर्षं अप्पारावांनी ह्या घरात स्वतःच्या हातानं पाण्याचा पेला भरून घेतला नव्हता. जेवण झालं की ताट तिथंच सोडून उठायचे. ऋतुराज तान्हा होता तेव्हाचा एकही ओला लंगोट त्यांच्या हाताला लागलेला नाही. हे सगळं त्यांना आत्ता, फळ्यापुढे उभं राहून, एकदम दिसलं, आणि हेही दिसलं की बायकोला गाठीचं भय आहे, पिशवीची किळस आहे, पण तिला विचारायचं होतं ते फक्त हे. उद्या मी अशी झाले, तर तुम्ही मला हात लावाल का? दिवसभर, कदाचित महिनाभर, ती हा एकच प्रश्न घेऊन फिरत होती, आणि तो विचारायला तिला ह्या घरात एक शब्द मिळत नव्हता.  अप्पारावांना आपल्या बायकोबद्दल इतकं प्रेम वाटलं, की ते कुठं ठेवावं हे कळेना.

"आय विल," ते म्हणाले. नुसतं तेवढं पुरेसं वाटेना. "आय विल क्लीन." आणि मग, वास्तूची पर्वा न करता, मराठीत, "मी करीन. सगळं मीच करीन. शमशादकडून शिकून घेतो."

"हळू," भामाबाई म्हणाल्या, आणि आता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते पदरानं पुसलं, पेन मागितलं, आणि बाकावर कागद ठेवून सही केली. मोठी, सावकाश, एकेक अक्षर नीट जोडलेली. "फळा पुसा. उद्या आपण दोघं नसू. ते घरात येकटं नको ऱ्हायला."

अप्पारावांनी कोरडं डस्टर फिरवलं, तरी पोटाचा गोल पुसट दिसत राहिला. मग त्यांनी फडका ओला करून आणला आणि फळा पुन्हा पुसला, कोपऱ्यांपर्यंत.

खिचडी झाली. दोन्ही सीताफळं त्यांनी समोरासमोर बसून खाल्ली, बिया एकाच वाटीत टाकत. गोड होती. जेवण आटोपल्यावर अप्पाराव उठले, आपलं ताट उचललं, मग भामाबाईंचं त्यांच्या पुढ्यातून उचललं. त्या "राहू द्या" म्हणतील म्हणून त्यांनी क्षणभर वाट बघितली. त्या काही म्हणाल्या नाहीत. मोरीपाशी जाऊन त्यांनी नळ सोडला. पाणी एवढ्या जोरात आलं की सदरा भिजला. भामाबाई दाराशी येऊन, चौकटीला खांदा टेकून उभ्या राहिल्या.

"आधी खरकटं काढा. नळ बारीक करा. आता घासणी घ्या. ती नाय, हिरवी."

अप्पारावांनी हिरवी घासणी घेतली, ताट घासलं, धुतलं आणि उजेडात धरून दाखवलं. भामाबाईंनी पुढे होऊन त्याच्या काठावरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं, आणि ताट परत त्यांच्या हातात दिलं.

"अजून एकदा," त्या म्हणाल्या. "कडंला राहिलंय."